‘शीर भरली’ म्हणण्याआधी: खेळणाऱ्या मुलांच्या खुब्याच्या दुखापतीबद्दल सोलापूरच्या पालकांसाठी मार्गदर्शन

माझा मुलगा चौदा वर्षांचा असताना शालेय खो-खो स्पर्धेत आक्रमणाला बसला होता. मागून खो मिळाला, तो उठला, पहिलेच पाऊल जोरात टाकले आणि उजव्या खुब्याच्या पुढच्या बाजूला त्याला ‘टक्’ असा आवाज जाणवला. तो खाली बसला नाही, लंगडत बाहेर आला. शीर भरली असावी, असे मैदानावरच्या सर्वांचे मत पडले आणि आम्हीही ते मानले. घरी आंबेहळदीचा लेप झाला, कोमट तेलाने चोळून झाले, ओळखीच्या एका गृहस्थांनी पाय ओढून ‘बसवून’ही दिला. वेदना कमी होईना, म्हणून तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा त्यात शेंगदाण्याएवढा हाडाचा तुकडा मूळ जागेपासून सुटून खाली सरकलेला दिसला. जे आम्ही स्नायूचे दुखणे समजून रोज चोळत होतो, ते मोडलेले हाड होते.

मी डॉक्टर नाही. त्यानंतरच्या पाच महिन्यांत अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे समजून घेतले, आणि पुढे माझ्या भाच्याच्या वेळी जे वेगळेच निघाले, ते क्रमाने येथे मांडतो. निदान मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे आहे.

१. मूल ‘कंबर दुखते’ म्हणते, तेव्हा एका बोटाने जागा दाखवायला सांगा

आपल्याकडे कंबर, खुबा, जांघ आणि मांडी हे शब्द फार सैल वापरले जातात. मूल ‘कंबर’ म्हणते आणि हात जांघेत ठेवते. त्यामुळे पहिले काम हे, की मुलाला उभे करून सर्वांत जास्त दुखणाऱ्या जागी एकच बोट ठेवायला सांगावे आणि ती जागा वहीत लिहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

वाढत्या वयात ही जागा इतकी महत्त्वाची का, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रौढ माणसाने जोर लावला तर सहसा स्नायू ताणला जातो किंवा फाटतो. किशोरवयात मात्र स्नायू जिथे हाडाला चिकटतो, तिथे हाडाचे टोक अजून कूर्चेने, म्हणजे कच्च्या मऊ हाडाने, जोडलेले असते. कमरेच्या हाडावरची ही टोके साधारण तेरा ते पंधराव्या वर्षी तयार होऊ लागतात आणि जागेनुसार सोळा ते पंचवीस या वयात मूळ हाडाशी पक्की जुळतात. दरम्यानच्या काळात दोरी बळकट आणि खुंटी कच्ची अशी स्थिती असते, त्यामुळे अचानक झटका बसला की दोरी तुटत नाही, खुंटी उपटते.

कोणती खुंटी उपटेल हे खेळावर अवलंबून असते. पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली, पुढच्या बाजूला हाताला लागणारा जो उंचवटा आहे, तो वेगाने धाव सुरू करताना सुटतो. माझ्या मुलाचे तेच झाले होते. त्याच्या थोडे खाली, मांडीचा पुढचा मोठा स्नायू जिथे धरलेला असतो, ती जागा फुटबॉलला जोरात लाथ मारताना सुटते. बसताना ज्या हाडावर भार येतो, ते बैठकीचे हाड अडथळा शर्यतीत, लांब उडीत किंवा पाय एकदम फाकल्यावर सुटते आणि तेव्हा दुखणे पुढे न राहता नितंबाखाली जाणवते. खो-खोत खाली दबून बसणे, तिथून स्फोटासारखे उठणे, खांबाशी गर्रकन वळणे आणि सूर मारणे हे सर्व एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा घडते, त्यामुळे या खेळात वरीलपैकी कोणतीही जागा दुखावू शकते. वेळापूरपासून सोलापूर शहरापर्यंत आपल्या जिल्ह्यात खो-खो किती मनापासून खेळला जातो हे सांगायला नको, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

२. गुडघा दुखत असला तरी खुबा तपासून घ्या

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो.

माझा भाचा बारा वर्षांचा, अंगाने भरलेला, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करणारा. त्याचा गुडघा दोन महिने अधूनमधून दुखत होता. गुडघ्याचे दोनदा एक्स-रे झाले, दोन्ही वेळा काही निघाले नाही आणि वाढीच्या वयातील दुखणे म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. एके सकाळी तो आंघोळ करून न्हाणीतून बाहेर आला आणि माझ्या बहिणीला शहाबादी फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे दिसले. डावे पाऊल सरळ होते, उजवे मात्र प्रत्येक ठशात बाहेरच्या बाजूला वळलेले. त्या ठशांचा तिने मोबाइलवर फोटो काढला आणि तोच घेऊन ती अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी गुडघ्याला हातही न लावता आधी खुबा फिरवून पाहिला.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत बसतो आणि तो गोळा व त्याखालची हाडाची मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. साधारण दहा ते सोळा या वयात काही मुलांमध्ये या कूर्चेच्या जागी हाड सरकते. गोळा उखळीतच राहतो आणि मान पुढे व बाहेर घसरते. मुलींपेक्षा मुलांमध्ये आणि वजन जास्त असलेल्यांमध्ये हे अधिक आढळते, मात्र बारीक मुलाला होत नाही असे समजू नये. याला मोठा अपघात लागत नाही. खुब्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा गुडघ्याशीही संबंध असल्याने वेदना कित्येकदा मांडीत किंवा गुडघ्यातच जाणवते आणि सर्वांचे लक्ष तिकडे जाते.

घरी पाहण्यासारखी खूण अशी: मुलाला पाठीवर झोपवून त्याचा गुडघा हलक्या हाताने पोटाकडे आणावा. पाय सरळ छातीकडे न येता आपोआप बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर संशय बळकट होतो. जोर मात्र मुळीच लावू नये आणि ही खूण दिसली नाही म्हणून निश्चिंतही राहू नये. संशय आल्यावर त्या पायावर एक पाऊलही टाकू न देता, उचलून किंवा चाकाच्या खुर्चीवरून, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. यावर उपाय शस्त्रक्रियेचा असतो. बहुधा स्क्रू घालून गोळा आहे त्या जागी स्थिर केला जातो. उशीर झाला आणि हाड आणखी घसरले, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून सांधा कायमचा खराब होऊ शकतो. काही मुलांमध्ये दुसऱ्या बाजूलाही हेच होते, म्हणून पुढे काही वर्षे दोन्ही खुब्यांवर लक्ष ठेवावे लागते.

३. कधी थांबायचे नाही

पुढीलपैकी काहीही असेल तर ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. पायावर भार देताच येत नाही; खुब्याच्या दुखण्यासोबत ताप आहे; दुखापतीच्या क्षणी आवाज झाला आणि लगेच लंगडणे सुरू झाले; पाय बाहेर वळला आहे किंवा आखूड वाटतो; वेदना मुलाला रात्री झोपेतून उठवते. तापासह खुबा दुखणे हा सांध्यातील पूचा प्रकार असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. आठवडेच्या आठवडे चालणारे दुखणे, संध्याकाळची कणकण आणि घटणारे वजन असे एकत्र दिसले, तर खुब्याच्या क्षयरोगाचीही तपासणी डॉक्टर करतात. खेळाडू मूल आहे म्हणून प्रत्येक दुखणे खेळातूनच आले असेल, असे नाही.

४. पहिल्या दोन दिवसांत काय करावे, काय टाळावे

खेळ तिथेच थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. मूल लंगडत असेल तर त्या पायावर भार देऊ नका.

चोळणे, तेल जिरवणे, पाय ओढणे, पाठीवर पाय देणे, गरम विटेने शेकणे हे सर्व बंद ठेवा. ज्याने हाड पाहिलेले नाही त्याने ते ‘बसवू’ नये. सुटलेला तुकडा ओढण्याने आणखी सरकू शकतो. आमच्या मुलाच्या बाबतीत तसे झाले की नाही हे आता कोणीच सांगू शकत नाही, पण तो प्रश्न मला अजून छळतो. दुसरा सापळा वेदनाशामक गोळीचा. गोळी देऊन उपांत्य सामना खेळवणे ही गोष्ट मी मैदानावर पाहिली आहे. वेदना झाकली गेली की मूल त्याच हाडावर पुन्हा झटका देते.

५. कोणाकडे जावे आणि सोबत काय न्यावे

थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि अस्थिरोग विभागाची वेळ खिडकीवरच विचारून घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर दाखल होण्याआधीच त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे विचारावे. आधी बिल भरून नंतर योजना शोधणे फार जड जाते.

एका पिशवीत पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात:

- मुलाचे आणि पालकांचे आधार कार्ड, शिधापत्रिका, जन्मदाखला
- आधीचे सर्व एक्स-रे, गुडघ्याचेसुद्धा, आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या
- दुखणे कधी, काय करताना सुरू झाले आणि कशाने वाढते, याची तारखेसह नोंद
- आठवड्याच्या सरावाचे तास आणि गेल्या वर्षभरातील उंचीच्या नोंदी, असल्यास
- मूल चालतानाचा समोरून आणि मागून घेतलेला अर्ध्या मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ
- सैल अर्धी चड्डी, कारण जीन्स घालून खुबा तपासता येत नाही

व्हिडिओचे महत्त्व मला उशिरा कळले. तपासणीच्या खोलीत मुले चार पावले अगदी नीट चालून दाखवतात.

आणखी एक गोष्ट. डॉक्टरांना एकदा मुलाशी एकट्याने बोलू द्या. दहावीच्या वर्षी सवलतीचे गुण, संघातील जागा, सरांचा राग, वडिलांची हौस, इतकी ओझी घेऊन मूल बसलेले असते. माझ्या मुलाने ‘टक्’ आवाजाची गोष्ट मला नव्हे, तर डॉक्टरांना सांगितली. मी खोलीत होतो तोवर तो ‘थोडंसंच दुखतंय’ म्हणत होता.

६. एक्स-रे काढताना दोन गोष्टी विचारा

पहिली गोष्ट, दोन्ही खुबे एकाच चित्रात येतील असा संपूर्ण कमरेचा एक्स-रे लिहून दिला आहे का. वाढत्या हाडांत नैसर्गिक फटी असतात आणि दुसरी बाजू शेजारी दिसली तरच कोणती फट नेहमीची व कोणती दुखापतीची हे ठरवता येते. दुसरी गोष्ट, बाजूने घेतलेले चित्र हवे का. गुडघे वाकवून आणि मांड्या बाहेर फाकवून, बेडकासारख्या स्थितीत घेतलेल्या चित्रात गोळ्याखालचे सरकलेले हाड दिसते. समोरून घेतलेल्या चित्रात सुरुवातीचे घसरणे निसटू शकते. मूल पाय टेकूच शकत नसेल, तर ती स्थिती जबरदस्तीने करून घेऊ नये. काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे खोटे ठरत नाही. सुटलेला भाग अजून कूर्चेचाच असेल तर एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि मांडीच्या हाडाच्या मानेला सततच्या धावण्याने पडणारी बारीक चीरही सुरुवातीला लपून राहते. लांब पल्ल्याच्या धावपटू मुला-मुलींना धावताना जांघेत खोल दुखत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर एमआरआय करावा का, हे नक्की विचारा. ही चीर दुर्लक्षित राहिली तर मान पूर्ण मोडू शकते.

७. विश्रांतीचे आठवडे कसे काढावेत

सुटलेल्या तुकड्याच्या बहुतेक दुखापती शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. तुकडा दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. एरवी काही आठवडे कुबड्या, मग हळूहळू भार, मग व्यायाम असा क्रम असतो आणि मैदानावर पूर्ण परत यायला साधारण दोन ते चार महिने जातात. आमचा उशीर धरून पाच लागले.

कुबड्या औषधांच्या दुकानांतून अनामत रकमेवर भाड्याने मिळू शकतात, आधी चौकशी करा. वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटे खाली राहावी आणि भार तळहातावर यावा, काखेवर नाही. खरी अडचण घरात येते. मांडी घालून जेवायला बसणे बंद. उकिडवे बसायचे शौचालय असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची घ्यावी. मोटारसायकलवर टांग टाकून मागे बसवणे तर अजिबात नको, कारण नेमका तोच झटका सुटलेल्या हाडाला बसतो. शाळेपर्यंत रिक्षा परवडत नसेल तर पहिले दोन आठवडे शाळा बुडालेली बरी. शाळेला वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन वर्ग तळमजल्यावर मिळतो का, हे विचारावे. आम्हाला मिळाला नाही, तेव्हा दोन मित्र रोज दप्तर वर नेत असत.

८. मैदानावर परत कधी

दुखणे थांबले, म्हणजे हाड जुळले असे नाही. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरही आमच्या फिजिओथेरपिस्टांनी क्रम ठरवून दिला होता: न लंगडता अर्धा तास चालणे, मग एका पायावर दहा उड्या वेदनेविना, मग सरळ रेषेत हलके धावणे, मग वेग, मग वळणे, आणि सर्वांत शेवटी पाटीवर बसून खोवर उठणे व खांबाशी सूर. एका पायरीवर दुखले तर मागच्या पायरीवर परत. दुखऱ्या बाजूची ताकद चांगल्या बाजूएवढी झाली आहे का, हे फिजिओथेरपिस्टांकडून मोजून घ्यावे. अंदाजावर सोडू नये.

परवानगीचा आणि या क्रमाचा कागद सरांना समक्ष नेऊन द्या. निरोप मुलाच्या हाती पाठवला तर तो वाटेत सौम्य होतो.

९. पुढच्या हंगामाची तयारी

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि चांगल्या खेळाडूवर काही महिन्यांतच सगळा भार येतो. त्यातच तो शाळेचा, क्लबचा आणि गल्लीचाही खेळाडू असतो. क्रीडावैद्यकातील सर्वमान्य सल्ला असा, की आठवड्याचे संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुटी असावी आणि एका खेळापासून वर्षात एकूण दोन-तीन महिने विश्रांती मिळावी. आम्ही हिशेब केला तेव्हा शाळेत रोज एक तास असे पाच, क्लबवर सहा संध्याकाळी दीड-दीड तास असे नऊ, रविवारचे सामने तीन तास, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाचे आठवड्याला सतरा तास भरत होते. तोवर हे कोणी मोजलेलेच नव्हते, कारण शाळेचे सर आणि क्लबचे सर आपापले तास तेवढे पाहत होते.

उंची दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने नोंदवा. मुलींमध्ये साधारण अकरा-बारा आणि मुलांमध्ये तेरा-चौदा या वयात उंची झपाट्याने वाढते, मुलगा वर्षात आठ-दहा सेंटिमीटरही वाढू शकतो. हाडे लांबतात, स्नायू मागे राहून ताठ होतात. रेघांमधील अंतर एकदम वाढलेले दिसले, की त्या तिमाहीत वेगाच्या धावा आणि उड्या कमी करायला सरांना सांगावे.

सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे अंग नीट तापवणे आवश्यक आहे. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा ११+’ हा व्यायामक्रम वीस मिनिटांचा असून विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यातील बराचसा भाग खो-खो, कबड्डीलाही चालतो. त्याशिवाय पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून धरणे हे दोन प्रकार घरी रोज करता येतात. नितंबाचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू त्याने बळकट होतात. उन्हाळी शिबिरात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि काळी माती वाळून दगडासारखी होते, तेव्हा सराव पहाटेच उरकावा आणि जमीन आधी पाणी मारून मऊ करून घ्यावी.

खाण्याचा विषय मुलींच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर मैदान, तिथून शाळा आणि दुपारी पहिले जेवण, असे महिनोन्‌महिने चालले तर शरीर हाडांवरचा खर्च कमी करते. धावपटू मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ती ‘सरावामुळे होते’ म्हणून सोडू नये. हाडाला चीर पडण्याचा धोका वाढल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांना सांगायलाच हवी. हंगामात उपवास धरायचा की नाही, हे घरात मोकळेपणाने बोलावे. ऊन एवढे असूनही ड जीवनसत्त्व कमी निघू शकते, म्हणून हाडाची दुखापत झालेल्या मुलाचे ते तपासावे का, हे विचारून घ्यावे. बाकी महागडे डबे लागत नाहीत. सरावानंतर लगेच ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर दही एवढे डब्यात असले, तरी शाळेच्या पहिल्या तासापर्यंत मूल उपाशी राहत नाही. आमच्याकडे आता मैदानाच्या पिशवीत बुटांच्या शेजारी तोच डबा असतो आणि आतल्या वहीत त्या आठवड्याचे तास लिहिलेले असतात.